हातभर उंच

दिवसा तिला कुणी विचारत नाही. भिंतीला टेकून उभी असते, खूर बाहेर काढून. तिच्यावर धुणं वाळतं, कुरडयांचं कापड पसरतं, उन्हाळ्यात मिरच्या पडतात. कोंबड्या तिच्या आडोशाला बसतात. अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरला, बालाघाटाच्या या पठारावर, बाज नसलेलं घर शोधावं लागेल. आणि बाजेबद्दल कुणी दोन वाक्यं सलग बोललंय असं घरही शोधावंच लागेल. नव्या ट्रॅक्टरला हार पडतो, बैलाला पोळ्याला झूल चढते, खांडेनवमीला विळ्याकोयत्यालाही हळदकुंकू मिळतं. बाजेचा सण नाही.

तिच्या अंगात फार काही नाहीच. बाभळीचे चार खूर, चार दांड्या, मधे विणलेला सुंभ. जुन्या बाजा अंबाडीच्या वाखाच्या असत. अंबाडी पाण्यात कुजवायची, सोलायची, वाख पिळून दोर वळायचा. गावात हे काम मातंग वस्तीवरची माणसं करायची. दोर किती पिळला म्हणजे बसेल आणि किती पिळला म्हणजे तुटेल हे त्यांच्या बोटांना कळायचं. पुढं काथ्या आला, नायलॉन आलं, आणि आता लोखंडी पाइपच्या चौकटीवर प्लास्टिकच्या रंगीत पट्ट्या. पट्टीची बाज बाजारात देखणी दिसते, पण चैत्रात तिच्यावर पाठ भाजते. सुंभाची म्हातारी बाज तशी नाही. ती वारा खालून वर जाऊ देते. मात्र बोलकी फार. कूस बदलली की कुरकुरते, उठून बसलं की कण्हते, आणि घरात रात्री कोण जागं आहे, हे बाकीच्यांना तिच्याकडून कळतं.

उंची विचाराल तर जमिनीपासून हातभर. कुणाची दीड हात. तिचं सगळं मोठेपण या हातभरात आहे, कारण या घरांमध्ये रात्री आणखी एक जण वावरतो आणि त्याचा सारा कारभार जमिनीलगत चालतो.

त्याचं नाव मण्यार. रात्री हे नाव घेत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात, ‘जनावर’ म्हणतात. अंग काळंकुळकुळीत, त्यावर पांढऱ्या बारीक आडव्या रेघा, बऱ्याचदा जोडीजोडीनं. मानेकडं पुसट, शेपटीकडं ठळक. लांबी तीन-साडेतीन फूट. दिवसा सापडला तर अगदीच गरीब. डिवचलं तरी डोकं वेटोळ्यात लपवतो, चावायला सहसा धावत नाही. पोरं काठीनं हलवून बघतात आणि त्याला मंद समजतात. माणसं मारणारे आपल्याकडचे मुख्य साप चार. त्यातला नाग फणा काढून बजावतो. घोणस फुत्कारते, तेही असं की चार पावलं लांबून ऐकू यावं. फुरसं अंगाचे खवले एकमेकांवर घासून करकर करतं. मण्यार काहीच सांगत नाही. त्याचं विष मात्र या चौघांत सर्वांत जालीम धरतात.

तो माणसाच्या मागावर नसतोच. उंदीर, पाली, बेडूक, दुसरे साप हे त्याचं खाणं. खरीप आला की घरात सोयाबीनची पोती लागतात, कोपऱ्यात ज्वारीची कणगी असते, मागं तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्यांचा ढीग. उंदराला याहून चांगलं गाव कुठलं? उंदराच्या मागं मण्यार येतो, भिंतीच्या कडेकडेनं सरकतो, आणि वाटेत वाकळेवर एक हात पसरलेला असतो. माणूस झोपेत कूस बदलतो, हात सापावर पडतो. चावा होतो.

आणि इथंच तो बाकीच्यांहून वेगळा. घोणस चावली तर माणूस ओरडतो, पाय टरारून सुजतो, गाव गोळा होतं. मण्याराचे दात बारीक. सूज नाही, आग नाही, कधीकधी खूण शोधून सापडत नाही. पुष्कळ जण जागेही होत नाहीत. पहाटे तीन-चारला पोटात कळ येऊन उठतात. घरची बाई ओवा देते, सोड्याचं पाणी देते; रात्रीच्या शिळ्या भाकरीला बोल लागतो. मग पापण्या जड होतात, तेव्हा झोप पुरी झाली नाही असं वाटतं. मग थुंकी गिळवत नाही, जीभ जड होते, मान टाकली जाते. तोवर उजाडलेलं असतं. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर माहीत झाले, पण महाडला राहून त्यांनी मण्यार आणि नागाच्या दंशाची लक्षणंही टिपून ठेवली. सर्पदंशाच्या उपचाराच्या नियमांत आता स्पष्ट आहे की जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट धरून उठला आणि त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, तर अंगावर खूण असो वा नसो, मण्यार धरून चालायचं. हे वाक्य दवाखान्याच्या भिंतीवर नको, स्वयंपाकघरात ओव्याच्या डब्यावर लिहायला हवं.

बाज या साऱ्या प्रकरणात काय करते? काही करत नाही. आडवी पडून राहते. मण्यार जमिनीवरचा साप. तो तिच्या खालून येतो, तसाच पुढं निघून जातो, आणि वर निजलेल्याला सकाळी त्यातलं काही माहीत नसतं. तिनं असे किती जीव राखले याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. दवाखान्यात नोंद होते ती चावलेल्यांची. न चावलेल्यांचा हिशोब लिहायला जागाच नसते. बाजेचं दुर्दैव असं की तिचं काम नीट झालं की काहीच घडत नाही.

तिचे दोषही सांगितले पाहिजेत. देवपण द्यायला मी बसलेलो नाही.

पहिला दोष झोळ. सुंभ ढिला पडतो, पायथ्याची ताणाची दोरी वेळच्या वेळी ओढली नाही की बाजेचं पोट खाली लोंबतं. चौकट हातभर उंच आणि निजलेल्या माणसाचं बूड जमिनीपासून चार बोटं, अशा बाजा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. अशी बाज असून नसल्यासारखी. दुसरा दोष तिच्या घराण्याचा नाही, आपला. उन्हाळ्यात गार लागावी म्हणून, थंडीत वारा लागू नये म्हणून, आपण तिला भिंतीला चिकटवतो. मण्यार भिंतीच्या कडेनंच चालतो आणि भिंत जुनी, पांढऱ्या मातीची, भेगाळलेली असली तर तिच्यातूनच निघतो. तिसरी चूक वाकळेची. वाकळ मोठी असते, चार लुगडी एकावर एक शिवलेली. तिचं टोक बाजेवरून लोंबून जमिनीला टेकतं. एवढे कष्ट करून उंच झालो आणि मग स्वतःच्या हातानं शिडी लावून दिली.

आणि बाजेखालचा संसार! घर दोन खोल्यांचं, माणसं सहा, जागा कुणाला फुकट घालवायला परवडते? बाजेखाली कांदे पसरतात. बाजेखाली बियाण्याची पिशवी, जुन्या चपला, खुरप्यांची पाटी, तेलाचा डबा. कांद्यापाशी उंदीर, उंदरापाशी तो. बाजेखालची जागा मोकळी ठेवा असं आरोग्य खात्याची ताई सांगून जाते, घरची बाई मान हलवते, आणि ताई गल्लीच्या वळणावर पोचायच्या आत कांदे पुन्हा आत सरकवते. तिचंही खरं आहे. कांदा ठेवायचा कुठं?

चांगली गोष्ट अशी की या वयात बाजेला एक सोबतीण मिळाली आहे, मच्छरदाणी. ती आली डासांसाठी, डेंग्यूच्या भीतीनं. पण २००७ मध्ये आग्नेय नेपाळच्या तराईतल्या खेड्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात दिसलं की मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना झोपेतला सर्पदंश बराच कमी होतो. अट एकच : कडा चारी बाजूंनी गादीखाली किंवा वाकळेखाली खोचलेल्या हव्यात. मच्छरदाणी नुसती वरून सोडली, तर डासही आत येतो आणि तोही. बाज नसेल आणि खालीच निजावं लागत असेल, तर खोचलेली मच्छरदाणी हीच बाज. दोघी एकत्र असल्या तर मात्र आणखी काही नको. उशाला बॅटरी तेवढी हवी, कारण रात्री लघवीला उठणाऱ्याचा पाय बाजेवरून उतरतो तो थेट अंधारात, आणि तिथं बाजेची सत्ता संपते.

तिची सत्ता लहानच आहे. दिवसा बांधावर गवत कापताना घोणस हाताला चावते, फुरसं दगडाखाली असतं, नाग गोठ्यात निघतो. यांना बाज काय करणार? रब्बीत पंपाची वीज आठवड्याच्या पाळीनं रात्री येते, त्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस बारा वाजता चिखलात उतरतो. त्याला बूट हवेत, बॅटरी हवी, हातात काठी हवी. या साऱ्यांना आपापलं शब्दचित्र मिळायला हवं, पण आज वेळ बाजेची आहे.

आता तिच्यावर निजतं कोण, हे बघू. मला ती इथं बोलकी वाटते, कुरकुरण्याच्या पलीकडं.

घरात बाज एक असली तर म्हातारबा निजतात. दोन असल्या तर दुसरी कर्त्या पुरुषाची. जावई आला, पाव्हणा आला, की पहिली त्याची. म्हाताऱ्या आजीला गुडघे धरले की कधीतरी मिळते. सून तिच्यावर बसत नाही. सासऱ्यासमोर तर नाहीच. दुसऱ्याच्या दारातल्या बाजेवर कुणी बसायचं आणि कुणी खाली मातीत टेकायचं, कोण वाटेनं जाताना आपल्याच दारातल्या बाजेवरून कुणी उठून उभं राहायचं, हे गावात जातीनं ठरलेलं होतं आणि ते पुरतं मोडलंय असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणजे ही हातभर उंची वाटली जायची ती मानानं. साप चावण्याची भीती कुणाला जास्त, याच्याशी त्या वाटणीचा संबंध नव्हता. खाली राहायच्या बाया आणि लेकरं. ओळीनं, एकाच वाकळेवर, आई कडेला. त्यातही एखादं लेकरू झोपेत गडगडत जमिनीवर जातं ते वेगळंच.

बाईला बाज हक्कानं मिळते ती एकदाच, बाळंतपणात. तेव्हा ती थोरली होते. बाजेखाली शेगडी येते, शेक-शेगोटी, ओव्या-शेपाची धुरी. दीडेक महिना त्या घरात सर्वांत उंच जागी ती आणि तिचं तान्हं असतं. मग उठते, बाज पुन्हा म्हाताऱ्याकडं जाते, ती पुन्हा खाली. आणि माणूस शेवटच्या घटकेला आला की, आयुष्यभर बाजेवर निजलेला असला तरी, त्याला खाली घेतात. बाजेवर मरण येऊ नये म्हणतात.

एके काळी बाजेला आणखी एक काम होतं. रस्ते नव्हते, तेव्हा आजारी माणसाला बाजेसकट उचलायचे, चौघं चार खुरांना, आणि चालायचे. ‘पान लागलं’, म्हणजे साप चावला, अशी हाक झाली की ही पालखी प्रथम मारुतीच्या पारावर जायची. तिथं कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचे. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर चढलंय. कुणी मंत्र टाकायचा, कुणी दोरी आवळायचा, कुणी ब्लेडनं चिरायचा. बिनविषारी साप चावलेले पुष्कळ उठून बसायचे आणि मांत्रिकाचं नाव व्हायचं. विषारी चावाही दर वेळी विष सोडतोच असं नाही. तेही श्रेय त्याच्याच खात्यावर जमा. उरलेल्यांचं आयुष्य संपलं होतं म्हणायचे. आवळणं आणि चिरणं दोन्ही घातक : आवळलेला हात काळा पडतो, चिरलेली जखम घोणस-फुरशाच्या विषात वाहतच राहते. करायचं ते इतकंच की दंशाचा हात किंवा पाय फळकुटाला बांधून स्थिर ठेवायचा, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, माणसाला चालवायचं नाही, वेळ लक्षात ठेवायची आणि निघायचं.

निघायचं कुठं, याचं उत्तर घाटनांदूरला बरं आहे. लातूर रोड–परळी लोहमार्गावरचं हे गाव, आणि वीसेक किलोमीटरवर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. ग्रामीण भागात असं कॉलेज आशियात प्रथम इथंच झालं, असं १९७४ पासून या भागात अभिमानानं सांगतात. ज्यांचं नाव त्याला आहे ते स्वामीजी निजामाच्या काळात अंबाजोगाईतच, तेव्हाच्या मोमिनाबादेत, शाळेत शिकवत होते. १०८ ला फोन लावला तर गाडी येते. तिथं सर्पविषावरची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती एकच, चारही सापांवर चालणारी. मुंबईची हाफकिन संस्था पिढ्यानपिढ्या ती बनवत आली. पुण्याजवळ पिंपरीला तिचे घोडे आहेत, त्यांना थोडंथोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ती निघते. विष येतं ते मुख्यतः तामिळनाडूत, इरुळा आदिवासींच्या १९७८ पासून चालत आलेल्या सहकारी संस्थेतून. पहिला डोस साधारण आठ ते दहा कुप्यांचा, आणि लेकराला मोठ्याइतकाच, कारण लस मोजायची ती सापाच्या विषाला, माणसाच्या वजनाला नव्हे. मण्याराच्या बाबतीत मात्र लस उशिरा पोचली तर झालेलं नुकसान ती पुसू शकत नाही. मज्जातंतूंची टोकं नव्यानं सावरेपर्यंत श्वास दुसऱ्यानं चालवावा लागतो : आधी गाडीत हातानं दाबायच्या रबरी पिशवीनं, मग व्हेंटिलेटरनं, कधी दोन दिवस, कधी आठवडाभर. श्वास चालू राहिला तर माणूस पुरता बरा होतो. डोळे उघडतो, हसतो, घरी येतो.

बरे न झालेल्यांचे आकडे २०२० साली एका मोठ्या अभ्यासातून बाहेर आले. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८,०००. जवळजवळ सगळी खेड्यातली, निम्मी जून ते सप्टेंबरातली, आणि चारांतल्या तिघांहून अधिक माणसं दवाखान्याबाहेर गेलेली. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. राज्याची योजनाही आहे : शेतकरी सर्पदंशानं दगावला तर घरच्यांना दोन लाख रुपये. तिला नाव गोपीनाथ मुंडे यांचं, जे आमच्या शेजारच्या परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे. दोन लाख मेल्यानंतरचे. तेवढ्यात गल्लीभर बाजा येतील, हा हिशोब कुणी मांडत नाही.

जगातले सर्वांत जहाल विषाचे साप आपल्याकडं नाहीतच, ते ऑस्ट्रेलियात आहेत. तिथल्या टायपानच्या एका दंशाच्या विषात शंभरावर माणसांना पुरेल इतकी ताकद मोजतात. आणि तिथं वर्षाला सर्पदंशानं मरतात सरासरी दोन-तीन माणसं. त्या लोकांना साप आवडतात असं नाही. ते पलंगावर निजतात, बूट घालून गवतात शिरतात, चावलेल्या हातापायाला बोटापासून वरपर्यंत रुंद पट्टी गुंडाळून स्वस्थ पडून राहतात, आणि दूरच्या वस्तीवरून आजाऱ्याला उचलायला विमान येतं. ती विमानसेवा १९२८ पासून आहे. क्वीन्सलंडमध्ये तर जुनी लाकडी घरंच्या घरं खांबांवर उभी असतात. ती हवेसाठी, पुरासाठी, वाळवीसाठी उचलली, सापासाठी नव्हे. पण मी त्यांची छायाचित्रं पाहतो तेव्हा मला वाटतं, या लोकांनी पूर्ण घराचीच बाज करून टाकली. (त्यांची ती पट्टी घोणस-फुरशाच्या दंशाला इथं बांधू नये. त्या विषानं हातपाय आधीच सुजतात, नासतात. पट्टीनं ते विष एका जागी कोंडतं.)

आमच्याकडं घरानं दुसरी वाट धरली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या माळवदाखाली हजारो माणसं झोपेत गेली. त्यानंतर लातूर-उस्मानाबादेत आणि शेजारच्या या पट्ट्यात माणसं कित्येक महिने घरात निजायला धजली नाहीत. बाजा अंगणात आल्या. ज्यांच्याकडं नव्हत्या ते अंगणातच वाकळा टाकून. वरच्याची भीती इतकी मोठी होती की खालच्याची आठवण राहिली नाही. मग जड माळवदं उतरून पत्रे चढले. पत्र्याखाली माणूस दबून मरत नाही हे खरं, पण उन्हाळ्यात पत्रा रात्री अकरापर्यंत तापलेला राहतो, दार उघडं टाकावं लागतं, नाहीतर बाहेर निजावं लागतं. माळवद असतं तर वर जाऊन निजले असते. माळवदं गेली, आणि उंच निजायची एक हक्काची जागा गेली.

राहता राहिला ऊस. बीड जिल्ह्याबद्दल लिहायचं आणि ऊस सोडून द्यायचा, हे जमत नाही.

दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाचे ट्रॅक्टर लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; त्या कोयत्यावर उचल घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने थळावर जायचं. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटक. ट्रॉलीत जातं ते सगळं मी उभं राहून पाहिलं आहे. पत्र्याची पेटी, भांड्यांचं पोतं, ज्वारीचं पोतं, पाण्याचा प्लास्टिकचा ड्रम, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, दोन शेळ्या, खुराड्यात कोंबड्या, कुत्रं, लेकरं, आणि सगळ्यात वर वाकळांचं गाठोडं. बाज जात नाही. ती घरी भिंतीला उभी राहते, म्हाताऱ्यासाठी.

तिकडं कोपीत सगळे जमिनीवर. कोपी बहुधा फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर. ऊस तुटत जातो तसे फडातले उंदीर बाहेर पडतात आणि आसरा शोधतात, त्यांच्यामागं बाकीचे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत साप मंदावतो, पण हंगामाची दोन्ही टोकं, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल, त्याच्या फिरण्याची. शिवाय परका मुलूख. इथं अंबाजोगाई माहीत आहे. तिथं पहाटे लेकराच्या पापण्या मिटायला लागल्या तर कुठल्या गावाला धावायचं हे मुकादमाला विचारावं लागतं, आणि मुकादम झोपलेला असतो. घरात एक तरी माणूस उंच निजायचं. तिकडं एकही नाही. ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यासोबत जायला तिला जागा नाही.

एका मुकादमाशी मी हे बोललो. ट्रॉली भरत होती.

“कोयत्यामागं एक बाज टाका की,” म्हटलं. “घडीची, लोखंडी. वजन ते काय तिचं?”

त्यानं ट्रॉलीकडं पाहिलं. “बाजा टाकल्यावर लेकरं कुठं बसवू, गुरुजी?”

मी गुरुजी नाही, पण तो मुद्दा नव्हता. शेजारी गाठोडं आवळत बसलेली बाई मान वर न करता म्हणाली, “अन् नेली तरी निजणार कोण तिच्यावर? हेच निजतेल.”

“मी कामून निजू?” तिचा नवरा म्हणाला. “कंबर धरती माझी त्या झोळीत.”

“मग लेकरं निजतेल. आडवी टाकली तर तिघं मावतेत.”

“चवथं?”

“चवथं मह्यापाशी. मच्छरदाणीत.”

मुकादमानं हातातल्या वहीत काहीतरी खोडलं, ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याकडं बघून अंदाज घेतला. “टाका मग एक,” तो म्हणाला. “पण वरून बांधायचा दोर तुमचा.”